कॉन्स्टेबलला एवढा उशीर का लागला?

प्रश्न असा आहे: जॉन कॉन्स्टेबल आज इंग्लंडचा सगळ्यांत लाडका निसर्गचित्रकार मानला जातो. मग हयातीत त्याची मोठी चित्रं पडून का राहिली, रॉयल अकादमीचं, म्हणजे लंडनमधल्या कलाकारांच्या मानाच्या संस्थेचं, पूर्ण सदस्यत्व मिळेपर्यंत पन्नाशी का उलटली, आणि तोवर त्याचं घर कशावर चाललं? सोबत एक उपप्रश्नही आहे: फक्त निसर्गचित्रंच करायची असं ठरवलेल्या माणसानं त्याच्याकडून काय घ्यावं?

मी स्वतः निसर्गचित्रं रंगवतो आणि शिकवतो, त्यामुळे उत्तर देताना माझं लक्ष चरित्रापेक्षा कामाच्या पद्धतीकडे जास्त जाईल. माझ्या मते त्याच्या उशिराचं कारण तिथेच सापडतं. ‘जगानं न ओळखलेला प्रतिभावंत’ ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण कॉन्स्टेबलला ती बसत नाही. त्याला ओळखणारे होते, मदत करणारे होते. त्याला जे रंगवायचं होतं त्याची रीतच तेव्हा तयार नव्हती. ती त्यानं स्वतः घडवली आणि त्यात त्याची उमेदीची वर्षं गेली.

आधी पैशाचं पाहू, कारण कलाकारांच्या चरित्रांत नेमकं तेच झाकलेलं असतं. कॉन्स्टेबलचा जन्म ११ जून १७७६ रोजी सफोक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्टचा. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे मोठे व्यापारी. स्टाउर नदीवरची फ्लॅटफर्डची पाणचक्की त्यांची, पुढे डेडहॅमचीही, शिवाय लंडनला धान्य नेणारं स्वतःचं जहाज. थोरला भाऊ बौद्धिकदृष्ट्या अधू, म्हणून धंदा जॉननं पुढे चालवावा अशी घरची अपेक्षा होती. तो तरुणपणी सुमारे वर्षभर वडिलांच्या पवनचक्कीवर कामालाही होता. शेवटी धाकट्या एब्रमनं चक्की सांभाळायची तयारी दाखवली आणि १७९९ मध्ये जॉन रॉयल अकादमीच्या शाळेत शिकायला लंडनला गेला. घरून पैसे येत राहिले. १८१६ मध्ये वडील गेले, त्यानंतर धंद्यातला त्याचा हिस्सा एब्रम नेमानं पाठवत राहिला. म्हणजे त्याच्या निसर्गचित्रांमागे पिठाच्या गिरणीचं उत्पन्न उभं होतं. यात कमीपणा काही नाही, पण ज्यांच्या मागे असं काही नाही त्यांनी त्याच्या हट्टाचं अनुकरण करताना हा आकडा धरूनच हिशेब मांडावा.

घरचे पैसे पुरेसे नव्हते, म्हणून त्यानं पोटापाण्याची कामंही केली. व्यक्तिचित्रं केली, जुन्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, आसपासच्या गावांतल्या चर्चसाठी धार्मिक चित्रंसुद्धा केली. त्यातलं एक काम मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. १८१६ मध्ये जनरल रिबो यांनी त्याला आपली मालमत्ता, म्हणजे वायव्हन्हो पार्क, रंगवायला सांगितलं. मालकाला घर हवं, तळं हवं, हरणांचं कुरणही हवं. ते सगळं एका चौकटीत मावेना, तेव्हा कॉन्स्टेबलनं कॅनव्हासच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या शिवून तो रुंद केला. ते चित्र आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि गिऱ्हाइकाच्या यादीवरून ते उभं राहिलं असेल अशी शंकाही येत नाही. सांगून करवून घेतलेलं काम म्हणजे हलकं काम, असं मानणाऱ्यांनी हे चित्र निवांत पाहावं. आकाश आणि पाणी यांनी त्यानं ती सगळी यादी एका उजेडात बांधली आहे.

एक नोकरी मात्र त्यानं नाकारली. १८०२ मध्ये सैनिकी महाविद्यालयात चित्रकला शिकवण्याची जागा त्याला मिळत होती. अकादमीचे अध्यक्ष बेंजामिन वेस्ट यांनी त्याला सांगितलं की ती घेतलीस तर चित्रकार म्हणून पुढे येण्याची आशा सोड. त्याच सुमारास त्यानं गावचा मित्र जॉन डनथॉर्न याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दोन वर्षं आपण दुसऱ्यांच्या चित्रांच्या मागे धावलो, सत्य उसनं आणत राहिलो, आता परत जाऊन थेट निसर्गासमोर बसायचं, असा त्याचा आशय. पंचविशीतली अशी पत्रं पुष्कळांनी लिहिली आहेत. ती पुढची पस्तीस वर्षं पाळणारे फार थोडे.

आता मूळ अडचण. त्या काळी निसर्गचित्र ही मुळात दुय्यम गोष्ट मानली जाई. मान होता इतिहासाच्या, पुराणाच्या आणि धर्माच्या चित्रांना. निसर्ग चालायचा तोही सतराव्या शतकातल्या क्लोद लोरँ या चित्रकाराच्या वळणाचा: सोनेरी उजेड, पडक्या कमानी, डाव्या-उजव्या बाजूला तपकिरी झाडांचा पडदा. कॉन्स्टेबलला क्लोद अतिशय आवडायचा. सर जॉर्ज बोमंट यांच्या संग्रहातलं क्लोदचं एक छोटं चित्र पाहूनच तो भारावला होता. पण हेच बोमंट त्याला सांगायचे की चित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा असावा. कॉन्स्टेबलनं एक जुनं व्हायोलिन उचललं आणि घरासमोरच्या हिरवळीवर ठेवून दाखवलं. ही गोष्ट त्याचा मित्र आणि चरित्रकार सी. आर. लेस्ली यानं नोंदवली आहे. किस्सा म्हणून ती गंमतीची, पण त्यातून त्याच्यासमोरचा प्रश्न नेमका कळतो. तपकिरी हे त्या काळच्या चित्राला एकसंध ठेवणारं माध्यम होतं. ते काढून घेतल्यावर हिरवं चित्र सांधायचं कशानं?

ज्यांनी भर उन्हाळ्यात हिरवळ रंगवली आहे त्यांना हा त्रास माहीत आहे. नळीतला हिरवा सरळ लावला की कॅनव्हास कच्चा आणि सपाट दिसतो. कॉन्स्टेबलचा उपाय फ्रेंच चित्रकार दलाक्रवानं पुढे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवला: त्याच्या कुरणांचा हिरवा सरस ठरतो तो अनेक वेगवेगळे हिरवे शेजारी शेजारी लावल्यामुळे. त्यात भर म्हणजे कॅनव्हासला किंवा कागदाला आधी दिलेला उबदार तपकिरी-गुलाबी थर. बाहेर केलेल्या तैलरंगातल्या स्केचमध्ये तो हा थर जागोजागी उघडा सोडतो, त्यामुळे हिरव्याला आतून त्याच्या विरोधी रंगाची धार मिळते. शिवाय कुठेतरी लाल रंगाचा एखादा ठिपका, घोड्याच्या साजावर किंवा माणसाच्या बंडीवर. आणि ओल्या पानांवर, पाण्यावर पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग कालवायच्या सुरीनं, टाकलेले पांढरे कण. समीक्षकांनी त्यांना ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून हिणवलं. उन्हात चमकणारं ओलं पान खरंच पांढरं दिसतं, हिरवं नव्हे. पण हे पटायला लोकांना वेळ लागला.

बाहेर बसून रंगवणं तेव्हा किती अडचणीचं होतं हेही लक्षात घ्या. रंगाची धातूची नळी आली १८४१ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर. त्याच्याकडे कातडी पिशव्यांत बांधलेले रंग, एक रंगपेटी आणि पेटीच्या झाकणाला टाचलेला कागद. त्याच्या कित्येक स्केचच्या कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं अजून दिसतात. खिशात पेन्सिलची छोटी स्केचबुकं असत. १८१३ आणि १८१४ ची दोन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. तळहाताएवढ्या पानांवर नांगर, होड्या, कुंपणं, झाडं. ही पुंजी त्यानं पुढे वर्षानुवर्षं वापरली. १८१४ मध्ये हॅडली किल्ल्याचं काढलेलं पेन्सिलचं रेखाटन १८२९ मध्ये मोठ्या चित्राचा पाया झालं. १८१५ मध्ये प्रदर्शित झालेलं होडी-बांधणीचं चित्र तर लेस्लीच्या म्हणण्यानुसार त्यानं पूर्णपणे उघड्यावरच केलं. आम्ही ज्याला ‘ऑन द स्पॉट’ म्हणतो ते काम ठराविक वेळेपुरतंच होतं, कारण उजेड फिरतो. मग तेवढा मोठा कॅनव्हास पुरा करायचा तर दिवसामागून दिवस त्याच वेळी त्याच जागी यावं लागतं. त्यानं ते केलं, आणि ही वाट पुढे जाणार नाही हेही त्याला उमगलं असावं.

कारण १८१६ मध्ये आयुष्य बदललं. मराया बिकनेल या मुलीवर त्याचं १८०९ पासून प्रेम होतं. तिचे आजोबा ईस्ट बर्गहोल्टचेच धर्मगुरू. त्यांचा विरोध, आणि वारसा हातचा जाण्याची भीती. सात वर्षं पत्रांवर गेली. अखेर २ ऑक्टोबर १८१६ रोजी लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये लग्न झालं, लावलं ते मित्र जॉन फिशर यानं. आता बिऱ्हाड लंडनला आणि चित्रांचा विषय सफोकमध्ये. पुढे मुलं झाली, मरायाची तब्येत नाजूक, तिच्यासाठी हॅम्पस्टेडला आणि ब्रायटनला घरं घ्यावी लागली. नदीकाठी महिनाभर बसण्याचे दिवस संपले.

इथे त्यानं जे केलं ते मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीतलं सगळ्यांत धाडसाचं वाटतं. अकादमीच्या भिंतीवर छोटी निसर्गचित्रं हरवून जात, म्हणून त्यानं सहा फुटी कॅनव्हास घेतला, म्हणजे इतिहासचित्राचं माप. आणि त्यावर काय रंगवलं, तर कालव्यावरचा घोडा, फळ्यांचा बांध, गाडी. स्टुडिओत बसून एवढ्या मापावर बाहेरचा ताजेपणा कसा टिकवायचा? त्यानं आधी त्याच मापाचं, पुरं सहा फुटी स्केच तैलरंगात करायला सुरुवात केली. लहान स्केच मोठं करताना फटकाऱ्याचं आणि आकाराचं नातं तुटतं. हाताची हालचाल मनगटातून खांद्यात जाते. पूर्ण मापात एकदा चुकून, खरवडून, पुन्हा लावून घेतलं की दुसऱ्या कॅनव्हासवर नेमकं काय ठेवायचं ते कळतं. पण म्हणजे एका चित्राला दोन चित्रांची मेहनत, दोन चित्रांचा रंग आणि कॅनव्हास, आणि विकायला एकच. वर्षाला जेमतेम एक मोठं चित्र व्हायचं. उशिराचं सरळ गणित यात आहे.

‘द व्हाइट हॉर्स’ हे पहिलं, १८१९ चं. फिशरनं ते १०० गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त) घेतलं आणि त्याच वर्षी कॉन्स्टेबल अकादमीचा सहसदस्य झाला. वय ४३. तुलनेला त्याच काळातला निसर्गचित्रकार टर्नर घ्या: वयानं फक्त एका वर्षानं मोठा, २४ व्या वर्षी सहसदस्य आणि २६ व्या वर्षी पूर्ण सदस्य. टर्नरनं जलरंगात, खोदचित्रांच्या धंद्यात आणि ऐतिहासिक विषयांत आधीच जम बसवला होता. त्याला चालू वाटेवरून पुढे जाता आलं. (१८३२ च्या प्रदर्शनात टर्नरनं कॉन्स्टेबलच्या चित्राशेजारच्या आपल्या करड्या समुद्रात एक लाल ठिपका टाकून बाजी मारली, हा किस्सा जरा जास्तच सांगितला जातो. त्या दोघांत रोज तलवारी चालत नव्हत्या.)

१८२१ चं ‘द हे वेन’ हे सर्वांना माहीत असलेलं चित्र. नदीच्या उथळ पाण्यात उभी गाडी, डावीकडे विली लॉटचं घर. हे लंडनमध्ये रंगवताना गाडीचा तपशील त्याच्याजवळ नव्हता, म्हणून त्यानं गावी कळवलं आणि डनथॉर्नच्या मुलानं काढलेली गाडीची रेखाटनं एब्रमनं पाठवली. अकादमीत चित्राचं नाव होतं ‘निसर्गदृश्य: दुपार’. विकलं गेलं नाही. जॉन ॲरोस्मिथ नावाच्या पॅरिसच्या चित्रविक्रेत्यानं पुढच्या वर्षी ७० पौंड देऊ केले, ते कॉन्स्टेबलनं नाकारले. १८२४ मध्ये हे चित्र आणखी दोन चित्रांसह २५० पौंडांना त्याच विक्रेत्याकडे गेलं आणि पॅरिसच्या सलों या सरकारी कलाप्रदर्शनात त्याला दहाव्या चार्ल्स राजाचं सुवर्णपदक मिळालं. दलाक्रवानं ते पाहून आपलं ‘कायोसचा संहार’ हे चित्र ऐनवेळी पुन्हा हाताळलं. फ्रान्समध्ये पुढे निसर्गचित्राला जे वळण लागलं त्यात या चित्रांचा वाटा मानला जातो. कॉन्स्टेबल स्वतः फ्रान्सला कधीच गेला नाही. त्याच १८२४ मध्ये लंडनलाही ‘द लॉक’ प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी १५० गिनींना विकलं गेलं. तेव्हा हयातीत कुणी विचारलं नाही हे म्हणणं खरं नाही. विचारणारे थोडे होते आणि चित्रं त्याहून थोडी.

आकाशाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण निसर्गचित्रकाराला त्याच्याकडून शिकण्यासारखं सगळ्यांत जास्त तिथेच आहे. १८२१ आणि १८२२ मध्ये हॅम्पस्टेडच्या उंचवट्यावर त्यानं ढगांची तैलरंगातली अभ्यासचित्रं केली. बऱ्याच चित्रांत जमीन नाहीच, नुसते ढग. मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, कधी नंतर पाऊस आला की नाही तेही. ऑक्टोबर १८२२ च्या पत्रात तो अशी सुमारे ५० काळजीपूर्वक केलेली अभ्यासचित्रं झाल्याचं फिशरला सांगतो. ल्यूक हॉवर्डनं ढगांना सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं देऊन तेव्हा वीसएक वर्षंच झाली होती, आणि हवामानावरचं थॉमस फॉर्स्टरचं पुस्तक कॉन्स्टेबलकडे होतं. पण माझ्या मते मूळ पवनचक्कीत आहे. तिथे वारा कधी फिरेल हे वेळेवर ओळखलं नाही तर पाती मोडतात. एब्रम म्हणायचा की जॉननं रंगवलेली पवनचक्की पाहिली की ती फिरेल असं वाटतं, इतरांच्या चक्क्यांबद्दल तसं म्हणता येत नाही.

या अभ्यासामागे एक ठाम मत होतं: निसर्गचित्रात आकाश हे मागे टांगलेलं कापड नसतं. सगळ्या चित्राचा सूर आणि भाव तिथून ठरतो, जमिनीवरचा प्रत्येक उजेड वरूनच आलेला असतो. वेस्टनं त्याला तरुणपणीच बजावलं होतं की उजेड आणि सावली कधी स्थिर उभी राहत नाही. ते त्यानं इतकं मनावर घेतलं की गिऱ्हाईक दुखावलं. सॅल्सबरीच्या बिशपनं मागवलेल्या कॅथीड्रलच्या चित्रात (१८२३) मनोऱ्यामागे काळा ढग आला, तो बिशपना खपला नाही. पुढच्या आवृत्तीत आकाश निवळलं, पण ती पुरी होईपर्यंत बिशप हयात नव्हते.

शेवटची वर्षं भराभर सांगतो. मार्च १८२८ मध्ये मरायाचे वडील गेले आणि तिच्या नावे २०,००० पौंड आले. आता सहा फुटी कॅनव्हाससमोर निश्चिंत मनानं उभा राहीन, असं त्यानं लिहिलं. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला मराया क्षयानं गेली. मागे सात मुलं. फेब्रुवारी १८२९ मध्ये अकादमीनं त्याला पूर्ण सदस्य केलं, तेही एका मतानं. त्यानंतरचं काम खरबरीत, अंधारलेलं, सुरीनं ओरबाडल्यासारखं आहे; काहींना तेच श्रेष्ठ वाटतं. मला ‘हॅडली कॅसल’चं मोठं स्केच पूर्ण चित्राहून आवडतं, पण नंतरच्या सगळ्याच कामाबद्दल तसं म्हणवत नाही. डेव्हिड ल्यूकसकडून आपल्या चित्रांची मेझोटिंट, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या छापील प्रती, छापून घेण्याचा उद्योग त्यानं केला, त्यात पैसे बुडाले. १८३६ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं निसर्गचित्रावर व्याख्यानं दिली आणि चित्रकला हे एक शास्त्र आहे, निसर्गाच्या नियमांचा शोध म्हणून ती करावी, असं मांडलं. ३१ मार्च १८३७ च्या रात्री तो अचानक गेला. अरंडेलच्या चक्कीचं चित्र हातात होतं, ते त्याच वर्षी अकादमीत लागलं.

उपप्रश्नाचं उत्तर थोडक्यात देतो. विषय थोडे ठेवा, फिरणं कमी करा, पण एकाच जागेची रेखाटनं जपून ठेवा, मागे तारीख आणि वेळ लिहून. पोटासाठी केलेल्या कामाची लाज बाळगू नका, मात्र वेळ पुरता खाणारी नोकरी घेण्याआधी दोनदा विचार करा. आणि स्केच विकण्याची घाई करू नका. कॉन्स्टेबलची स्केचेस त्या काळी विक्रीची वस्तू नव्हती म्हणूनच ती स्टुडिओत साठत गेली, आणि त्याची मुलगी इझाबेलनं १८८८ मध्ये त्यांतली शेकडो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला दिली. लंडनला जाणं झालं तर आधी त्या म्युझियममध्ये ‘द हे वेन’चं सहा फुटी स्केच पाहा आणि त्याच दिवशी नॅशनल गॅलरीत पूर्ण चित्र. पाण्याच्या कडेला स्केचमध्ये जे आहे त्यातलं काय त्यानं पुसलं ते शोधा. रचनेवरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्यातून जास्त कळेल.